देखभाल विभागात सुरू झालेली माझी अभियांत्रिकी

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस माझ्यासमोर बहुतेक सर्व विद्यार्थ्यांसमोर असतात तेच पर्याय होते: सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकरी, यंत्ररचना म्हणजे डिझाइन, उत्पादन, उच्च शिक्षण आणि संशोधन, किंवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. यांपैकी प्रत्येकाविषयी माहिती भरपूर मिळत होती, पण ती जवळजवळ सगळी पदांची, वेतनाची आणि पुढच्या बढत्यांची होती. त्या पदावरचा माणूस सकाळी कामावर गेल्यानंतर संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, हे मात्र कोणी सांगत नव्हते. पदनाम वर्षातून एखाद्या वेळी उच्चारले जाते आणि काम रोज करावे लागते, त्यामुळे निवड करायची तर ती रोजच्या कामाकडे पाहूनच करायला हवी, असे मला प्रकर्षाने वाटू लागले. देखभाल विभाग त्या वेळी माझ्या विचारातही नव्हता. आज मी फिरत्या यंत्रांमधील बिघाडांचे निदान करते. इथपर्यंत येण्याचा मार्ग सविस्तर लिहिते आहे, कारण त्यातील काही टप्पे कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडू शकतील असे मला मनापासून वाटते.

सुरुवात मी आमच्याच महाविद्यालयातून उत्तीर्ण होऊन काही वर्षे नोकरी केलेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलण्यापासून केली. ‘या क्षेत्रात भवितव्य कसे आहे?’ या प्रश्नाला प्रत्येकाकडून सावध, गोल उत्तर येते, हे पहिल्या एक-दोन संभाषणांतच लक्षात आले. म्हणून मी प्रश्न बदलला आणि ‘काल दिवसभरात तुम्ही काय काय केलेत?’ एवढेच विचारू लागले. या प्रश्नाला कोणीही ठोकळेबाज उत्तर देऊ शकत नाही. डिझाइन विभागात काम करणाऱ्या एका अभियंत्याने सांगितले की, त्याचा अख्खा दिवस एका ब्रॅकेटच्या भोकाची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती सैल करता येईल, यावर सुटे भाग पुरवणाऱ्याशी चर्चा करण्यात गेला; नवीन रचना करण्याचे काम महिन्यातून थोडेच दिवस असते, बाकीचे दिवस आधीच्या रेखाटनांमध्ये सुधारणा करण्याचे. सॉफ्टवेअरमधील मैत्रिणीने दिवसातला मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचण्यात आणि त्यावर शेरे देण्यात घालवला होता, आणि तिला ते मनापासून आवडत होते. संशोधन करणारा एक विद्यार्थी गळणारी चाचणी-व्यवस्था दुरुस्त करत बसला होता. उत्पादन विभागातील अभियंत्याचा दिवस शिफ्टचे लक्ष्य, गैरहजर कामगार आणि अडकलेला कच्चा माल यांतच संपला होता. हे सगळे ऐकताना माझे मन कुठे रमते आणि कुठे कंटाळते, याची मी वहीत प्रामाणिकपणे नोंद ठेवत गेले. सर्वांत जास्त वेळ मी ज्यांचे बोलणे ऐकत राहिले, ते एका कारखान्यातील देखभाल अभियंता होते. आदल्या दिवशी एका पंपाचे बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग, ठरल्यापेक्षा फार लवकर का गेले, याचा ते शोध घेत होते, आणि त्यांच्या बोलण्यात माझ्या चार-पाच विषयांची पाठ्यपुस्तके एकत्र आली होती.

त्यांच्याच सल्ल्याने मी प्रशिक्षणार्थी म्हणून एका प्रक्रिया उद्योगाच्या देखभाल विभागात अर्ज केला. वर्गातील अनेकांनी याबद्दल आश्चर्य व्यक्त केले, कारण देखभाल म्हणजे तेलकट कपडे आणि अवेळी येणारे फोन, अशीच समजूत सर्वत्र आहे. समजूत पूर्णपणे खोटी नाही. पण अभियांत्रिकीतील सिद्धान्त खरे आहेत की नाहीत याची रोज परीक्षा घेणारी दुसरी जागा मला तरी अजून सापडलेली नाही.

पहिले काही आठवडे मला स्वतंत्र काम नव्हते. सुरक्षेचे प्रशिक्षण झाले, ज्यात कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याचा वीजपुरवठा तोडून त्यावर आपले कुलूप आणि आपल्या नावाची पाटी लावण्याची पद्धत अगदी कसून शिकवली गेली. उरलेल्या वेळात मी यंत्रांच्या नोंदवह्या वाचल्या. कोणत्या पंपाचे गळती रोखणारे सील केव्हा बदलले, कोणत्या मोटरचे तापमान वाढले होते, पाइपलाइनमध्ये कुठे फेरफार झाले, याच्या त्रोटक नोंदी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होत्या. हे वाचन नीरस असते, पण पुढे घडलेल्या गोष्टीत त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

एके दिवशी मिनिटाला 1480 फेरे घेणाऱ्या एका सेंट्रिफ्यूगल, म्हणजे चक्राच्या फिरण्याने द्रव ढकलणाऱ्या, पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तुटला. पंप उघडला तेव्हा मीही तिथे होते. दोन तुकडे बाहेर आल्यावर माझा हात आपोआप ते एकमेकांना जुळवून पाहण्यासाठी पुढे झाला, आणि तेवढ्यात ज्येष्ठ फिटरनी मला थांबवले. ‘‘मॅडम, जोडू नका. आधी नुसतं बघा,’’ एवढेच ते म्हणाले. तुटलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासले गेले की त्यांवरील खुणा पुसल्या जातात, आणि त्या खुणा हाच बिघाडाचा एकमेव साक्षीदार असतो. तारेच्या ब्रशने गंज काढायलाही त्यांनी मनाई केली. दोन्ही तुकडे कोरडे करून, हलके तेल लावून वेगवेगळे गुंडाळून ठेवले गेले.

दुसऱ्या दिवशी विभागातील वरिष्ठ अभियंता मॅडमनी एक टॉर्च आणि एक भिंग माझ्या हातात दिले आणि जे दिसते ते लिहून काढायला सांगितले. ‘का’ हा शब्द वापरायचा नाही, अशी त्यांची अट होती. मी टॉर्चचा प्रकाश जवळजवळ आडवा धरला, तेव्हा पृष्ठभाग वाचता येऊ लागला. तडा शाफ्टच्या व्यासात बदल होतो त्या खांद्यापाशी पडला होता. परिघालगत चहूबाजूंनी बारीक पायऱ्यांसारख्या उभ्या कडा होत्या. त्यांच्या आत गुळगुळीत, किंचित चमकदार भाग होता आणि त्यावर, ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पाण्याच्या रेघा उमटतात तशा, एकापुढे एक वक्र रेषा होत्या. मध्याजवळ एक लहानसा खडबडीत, दाणेदार भाग होता. शाफ्ट कुठेही वाकलेला किंवा ताणला गेलेला नव्हता. हे सर्व मी मापांसह लिहिले, रेखाटनही काढले.

मग त्यांनी ‘का’ विचारण्याची परवानगी दिली आणि आम्ही दोघी बसून अर्थ लावू लागलो. वक्र रेषा म्हणजे तडा थांबत-थांबत पुढे गेल्याच्या खुणा. अर्थात शाफ्ट एका झटक्यात तुटला नव्हता, तर वारंवार उलटसुलट पडणाऱ्या ताणामुळे धातूला शीण येऊन, म्हणजे फटीगमुळे, हळूहळू चिरत गेला होता. परिघावरील पायऱ्यांवरून दिसत होते की तडे एका जागी सुरू न होता अनेक जागी सुरू झाले आणि मग एकत्र आले. खांद्यापाशी ताण एकवटत असल्याचे हे लक्षण. शेवटी अचानक तुटलेला दाणेदार भाग लहान होता, याचा अर्थ शाफ्टवरचा सर्वसाधारण भार फार नव्हता. शाफ्टचा बहुतेक छेद चिरला जाईपर्यंत उरलेला धातू तो भार पेलत होता. म्हणजे भार अतोनात वाढल्यामुळे हा शाफ्ट तुटलेला नव्हता, आणि ‘पंप जास्त चालवला’ हे कारखान्यात सर्वत्र बोलले जाणारे कारण पुराव्यावर टिकत नव्हते.

फटीगचा धडा मी परीक्षेसाठी वाचलेला होता आणि त्यात गुणही चांगले होते. तरीही त्या दिवशी कागदावर केलेला एक साधा हिशेब मला आतून हलवून गेला. मिनिटाला 1480 फेरे म्हणजे दिवसाला 21,31,200 फेरे. वाकणारा भार शाफ्टवर असेल, तर प्रत्येक फेऱ्यात पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. पोलादाची सहनमर्यादा, म्हणजे ज्याखाली कितीही आवर्तने झाली तरी ते तुटत नाही तो ताण, ठरवताना पाठ्यपुस्तकात जो एक कोटी आवर्तनांचा आकडा येतो, तो हा पंप पाच दिवसांच्या आत ओलांडत होता. वर्गात आलेखाच्या उजव्या टोकाला असलेला, फार दूरचा वाटणारा तो आकडा एका आठवड्याच्या आत माझ्यासमोरच्या यंत्रात पूर्ण होत होता.

पण मग शाफ्ट बसवल्यानंतर तो कित्येक महिने नीट कसा चालला, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर नोंदवहीत मिळाले. शाफ्ट तुटण्याच्या काही आठवडे आधी पंपाजवळच्या पाइपलाइनमध्ये फेरबदल झाल्याची नोंद मी वाचलेली होती. त्यानुसार पंपाच्या फ्लँजचे, म्हणजे पाइप आणि पंप जोडणाऱ्या कड्याचे, बोल्ट सैल करून पाहिले, तेव्हा पाइप एका बाजूला सरकला आणि पंप आणि मोटर जोडणाऱ्या कपलिंगवर लावलेल्या डायल इंडिकेटरची, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या उपकरणाची, सुईही त्याबरोबर हलली. पाइप पंपाला सतत ओढत होता, त्यामुळे पंप आणि मोटर यांचे अक्ष एका रेषेत राहत नव्हते आणि शाफ्टवर प्रत्येक फेऱ्याला वाकवणारा भार पडत होता. दुसरीकडे त्रिज्या मोजण्याच्या गेजने खांद्याची गोलाई तपासली, तर रेखाटनात 2 मिलिमीटर मागितलेली असताना प्रत्यक्षात ती अर्धा मिलिमीटरही नव्हती. अशा तीक्ष्ण कोपऱ्यात स्थानिक ताण सरासरी ताणाच्या दुपटी-तिपटीपर्यंत जाऊ शकतो. नुसत्या तीक्ष्ण कोपऱ्यावर शाफ्ट महिनोन्‌महिने तगला होता. पाइपच्या ओढीची त्यात भर पडली तेव्हा तो गेला. दोन कारणे एकत्र आल्याशिवाय हा बिघाड झाला नसता, हे पुराव्याने मांडता येणे मला विलक्षण समाधान देऊन गेले.

त्याच काळात मी या विषयाचा इतिहास वाचला, आणि माझ्या दृष्टीने तो अभ्यासक्रमात असायलाच हवा. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डब्यांची दारे बाहेरून बंद असल्यामुळे अनेकांना सुटता आले नाही. त्या काळी बहुतेकांचे मत असे होते की, सततच्या कंपनांमुळे लोखंड आतून स्फटिकमय होते आणि मग ठिसूळ होऊन तुटते. विल्यम रँकिन या तरुण ब्रिटिश अभियंत्याने तुटलेल्या आसांचे निरीक्षण केले आणि 1843 साली मांडले की, तडा खांद्याच्या कोपऱ्यातून हळूहळू आत जातो. म्हणून तिथे तीक्ष्ण कोपऱ्याऐवजी मोठी गोलाई ठेवावी. रँकिन यांचा जन्म 1820 चा, म्हणजे हे लिहिताना त्यांचे वय साधारणपणे पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याएवढेच होते. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि 1870 पर्यंत आवर्तने व ताण यांच्यातील संबंध पक्का केला. रँकिन यांचा सल्ला पावणेदोनशे वर्षे जुना आहे आणि तरीही आमच्या पंपाच्या खांद्याला गोलाई नव्हती, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. ज्ञान पुस्तकात असणे आणि ते लेथवर उतरणे यांच्यामध्ये कोणीतरी माणूस उभा असावा लागतो, आणि तो माणूस आपण व्हावे, असे मला त्या दिवसांत प्रथम वाटले.

अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि माझ्या वैयक्तिक वाढीचा विचार करता शाफ्टइतकेच मला या अहवालाने शिकवले. माझा पहिला मसुदा मॅडमनी लाल शाईने भरून परत दिला. प्रत्येक वाक्यापुढे त्यांनी ‘पाहिले’, ‘मोजले’, ‘अनुमान’ किंवा ‘ऐकले’ यांपैकी एक शब्द लिहायला लावला आणि चारही प्रकारची विधाने वेगवेगळी मांडायला सांगितली. शिफारशींमध्ये ‘काळजी घ्यावी’ हे शब्द त्यांनी खोडले. कोणी, केव्हा आणि कशाने तपासावे हे लिहिल्याशिवाय शिफारस पूर्ण होत नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे अंतिम अहवालात असे आले की, नवीन शाफ्ट भांडारात घेताना गोलाई गेजने मोजावी आणि माप नोंदवावे, तसेच पाइपलाइनच्या कोणत्याही कामानंतर फ्लँज सैल करून डायल इंडिकेटरवर पंपाची हालचाल तपासावी. अहवाल ज्या बैठकीत मांडला, तिथे पाइपलाइनचे काम करणारे आणि शाफ्ट खरेदी करणारे असे दोन्ही विभाग होते. दोष कोणाचा, यावर चर्चा जाऊ लागली की मॅडम शांतपणे पुन्हा मोजमापांकडे वळवत. मतभेदाच्या वेळी आवाज न चढवता पुरावा पुढे ठेवणे हे कौशल्य आहे आणि ते शिकता येते, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिले. फिटर मंडळींशी बोलायला मी सुरुवातीला संकोचत असे. त्यांना ठाऊक असलेले ज्ञान कोणत्याच पुस्तकात नाही, हे समजल्यावर संकोच आपोआप गळून पडला.

शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा माझ्यासमोर सॉफ्टवेअर क्षेत्रातील एक चांगली नोकरी होती, तिचे सुरुवातीचे वेतन देखभालीतील नोकरीपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. घरी यावर बरीच चर्चा झाली. मी बाबांना आणि आईला वहीतील नोंदी दाखवल्या, दोन्ही कामांचा रोजचा दिवस कसा असेल ते समजावले आणि देखभालीतून पुढे कोणकोणते मार्ग निघतात तेही सांगितले: विश्वासार्हता अभियांत्रिकी (यंत्रे बिघाडाविना चालावीत यासाठीचे काम), बिघाड विश्लेषण, यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची सेवा शाखा, विमा सर्वेक्षण, सामग्री विज्ञानातील (मटेरियल सायन्स) उच्च शिक्षण. हे मार्ग मुळात आहेत, हेच बहुतेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यांचा होकार सहज आला नाही, पण आला. देखभालीच्या मुलाखतीत मी कारखान्याचे नाव आणि गोपनीय तपशील गाळून त्या शाफ्टची हकीकत सांगितली, आणि पुढचा सगळा वेळ मुलाखत घेणारे त्याच एका विषयावर प्रश्न विचारत राहिले. एखादे काम मुळापासून केलेले असले, की अनेक अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांपेक्षा त्यावर जास्त बोलता येते, असा माझा अनुभव आहे.

नोकरीत मी कंपन विश्लेषणाकडे वळले आणि तिथे दुसऱ्या वर्षाचे गणित माझ्याकडे परत आले. यंत्राच्या बेअरिंगवर बसवलेला संवेदक जो गुंतागुंतीचा संकेत देतो, तो फूरिए रूपांतर या गणिती पद्धतीने वेगवेगळ्या वारंवारितांमध्ये विभागला जातो. 1965 साली कूली आणि ट्युकी या गणितज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या जलद पद्धतीमुळे हे काम हातात मावणाऱ्या उपकरणावर क्षणात होते. 1480 फेऱ्यांच्या यंत्रात सेकंदाला सुमारे 24.7 आवर्तनांवर उंच शिखर दिसले तर असंतुलनाची शंका घ्यायची, त्याच्या दुपटीवर दिसले तर अक्ष जुळलेले आहेत का ते तपासायचे. बेअरिंगच्या दोषांच्या वारंवारिता त्याच्या भूमितीवरून काढता येतात. परीक्षेनंतर बाजूला ठेवलेली गणिताची वही मी पुन्हा उघडली आणि या वेळी प्रत्येक पायरी का आहे ते विचारत वाचली. या क्षेत्रात आयएसओ 18436-2 या मानकानुसार विश्लेषकांच्या चार श्रेणी आहेत. प्रत्येक श्रेणीला परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, आणि मला ही अट अतिशय योग्य वाटते.

कामातील कष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. रात्री-अपरात्री फोन येतात, बंद पडलेले यंत्र सुरू करण्याची घाई सर्वांना असते, आणि पुरावा जपण्यासाठी ‘थोडे थांबा’ असे वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य अंगी यायला काही वर्षे जावी लागतात. बिघाड टळला तर तो टळला हे कोणाला दिसत नाही, त्यामुळे कौतुकाची अपेक्षा ठेवणाऱ्याला हे काम मानवणार नाही. मलाही वाढ याचा अर्थ नव्याने लावावा लागला. पहिल्या वर्षी मला उत्तर लवकर देता येणे म्हणजे प्रगती वाटत असे; आता निदान देण्याआधी आणखी कोणते माप घ्यायला हवे, हे मला अधिक लवकर सुचते.

अलीकडे मला व्यवस्थापनाकडे जाण्याविषयी विचारले गेले. काही कंपन्यांमध्ये तज्ज्ञ अभियंत्यांसाठी बढतीचा वेगळा, समांतर मार्ग असतो, आणि सुदैवाने आमच्याकडे तो आहे. मी तो मार्ग निवडला आहे आणि तिसऱ्या श्रेणीच्या परीक्षेसाठी रोटर गतिकीचा, म्हणजे यंत्रांच्या फिरत्या भागांच्या हालचालींचा, अभ्यास सुरू केला आहे. विभागात प्रशिक्षणार्थी आले की त्यांचे पहिले काही आठवडे मी नोंदवह्या वाचण्यासाठीच राखून ठेवते, आणि त्यांच्या पहिल्या अहवालातील प्रत्येक विधान पाहिलेले आहे, मोजलेले आहे, अनुमान आहे की ऐकलेले, हे त्यांच्याबरोबर बसून तपासते.